पौर्णिमाची परदेशी लेक

सेतू केंद्राच्या खिडकीमागच्या माणसानं शाळेचा दाखला दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ताई, हे ह्यूस्टन कोन्त्या तालुक्यात येते?"

"अमेरिकेत," पौर्णिमा म्हणाली.

मागं रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. खिडकीमागचा माणूस मात्र हसला नाही. त्यानं सगळे कागद पुन्हा एकावर एक लावले आणि सरकवून परत दिले. "मंग नॅशनॅलिटीचा दाखला आमी कसा देनार? जन्म तिकडचा, सिटिझनशिपचा कागद नाही. ही तं फॉरेनर झाली."

पौर्णिमाच्या शेजारी उभी असलेली फॉरेनर ओढणीनं मानेवरचा घाम पुसत होती. आकांक्षा तिचं नाव. बारावीला होती, डॉक्टर व्हायचं म्हणून दोन वर्षांपासून क्लास लावलेला होता, आणि ॲडमिशनसाठी वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला लागतो म्हणून वर्गातल्या सगळ्या पोरींसारखी तीही आईला घेऊन आली होती. बाकीच्या पोरी पावती घेऊन गेल्या. ही कागद घेऊन परतली.

पौर्णिमा तेलगोटे अकोल्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. सकाळी सातला ती लोकांच्या दंडाला रबर बांधायला लागे ते दुपारपर्यंत मान वर करत नसे. राहायला जुन्या शहरात, वडिलांच्या घरी. वडील धर्मपाल वीज मंडळातून वायरमन म्हणून रिटायर झालेले. आकांक्षाला पहिलीत घालायला तेच गेले होते, आणि हेडमास्तरांनी जन्मस्थान विचारल्यावर छाती फुगवून त्यांनीच सांगितलं होतं, "ह्यूस्टन, अमेरिका. लिहून घ्या सर." हेडमास्तरांनी कौतुकानं लिहून घेतलं. ते इतकी वर्षं रजिस्टरात तसंच होतं, आणि घरात कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट पाहुणे आले की धर्मपाल नातीला पुढं करून म्हणत, "आमची अमेरिकावाली."

पोर अमेरिकेत जन्मली ती नितेशमुळं. नितेश पौर्णिमाचा नवरा, मोर्शीकडचा, संगणकाच्या कामावर तिकडे गेलेला. आकांक्षा दोन वर्षांची असताना पौर्णिमाची आई इंदूबाई आजारी पडली म्हणून ती पोरीला घेऊन अकोल्याला आली. परतीचं तिकीट होतं. पण इंदूबाईचं दुखणं लांबलं, मग ती गेली, मग दिवस-कार्य, मग बाबांचं एकटेपण. तिकडून नितेशचे फोन येत, ते आधी काळजीचे, मग रागाचे. दोघांमध्ये आधीपासून जे तुटत आलं होतं ते त्या फोनांवर पुरतं तुटलं. तिकिटाची तारीख निघून गेली. दोन-तीन वर्षांनी अकोल्याच्या कोर्टात दोघांच्या संमतीनं फारकत झाली. कोणी कोणाशी भांडलं नाही. भांडलंच नाही म्हणून पोरीचा ताबा कोणाकडे हेही त्या निकालात लिहिलं गेलं नाही. ती आईच्या कडेवर होती, तेव्हा आणखी काय लिहायचं?

आता सेतू केंद्रातून परतल्यावर पौर्णिमानं लोखंडी कपाटातून आकांक्षाचा निळा पासपोर्ट काढला. दोन वर्षांचं गोबरं तोंड, डोळे अर्धे मिटलेले. पासपोर्टची मुदत कधीच संपली होती. आत एका पानावर भारताच्या विसाचा शिक्का होता. त्याचीही मुदत संपलेली. तिनं पासपोर्ट धर्मपालांच्या हातात दिला.

"आता वकील पाह्य," धर्मपाल म्हणाले. "अकोल्यात काय वकिलाईची कमी आहे का?"

कमी नव्हती. कोर्टाच्या आवारात वकील पैशाला पासरी. पण पौर्णिमा तिची फारकत करून देणाऱ्या खुशालराव वकिलांकडे गेली, कारण निदान ते ओळखीचे. आता म्हातारे झाले होते, कानाला यंत्र लागलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पासपोर्ट उलटापालटा करून पाहिला आणि सरळ सांगून टाकलं, "बेटा, मी वावराचे बांध, भाडेकरू अन् फारकती पाह्यतो. हे असं परकरन माह्याकडं कधी आलंच नाही. उगाच हो म्हनून तुले फिरवत नाही."

त्यांनी एका तरुण वकिलाचं नाव दिलं. त्याच्या बोर्डावर सतरा विषय लिहिलेले होते. पौर्णिमानं विचारलं, "तुमी इमिग्रेशनचं काम करता का?"

"हो ना, करतो. कोन्त्या देशात जाचं आहे?"

"जाचं नाही. इथंच राह्याचं आहे."

वकील बुचकळ्यात पडला. "इथंच राह्याचं असंल तं इमिग्रेशन कायले पाहिजे?"

तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानं मोबाईलवर काहीतरी शोधलं, वाचलं, आणखी शोधलं. मग म्हणाला की दोन दिवसांनी फोन करतो. तो फोन आला नाही.

ती स्वतःही लॅबमधून घरी आल्यावर मोबाईल घेऊन बसे. नेहमी विचारले जाणारे प्रश्न म्हणून पानंच्या पानं होती. अमेरिकेत नवऱ्याला कसं न्यावं, कॅनडात आईवडिलांना कसं बोलवावं, शिकायला गेलेल्यानं काम करावं की नाही. प्रश्न भलत्याचे आणि उत्तरंही भलत्याचीच. अकोल्यात वाढलेली एक परदेशी पोर अकोल्यातच कशी राहू शकेल, हे कोणी विचारलेलंच दिसत नव्हतं. दिल्लीच्या एका नंबरावर तिनं फोन लावला, तर पलीकडच्या बाईनं आधी फी भरा म्हणून सांगितलं आणि नाव विचारायच्या आत फोन ठेवला.

कोणी म्हणालं, अमरावतीला मोठी ऑफिसं आहेत. एका रविवारी ती आकांक्षाला घेऊन अमरावतीला गेली. राजापेठेत काचेचं ऑफिस, बाहेर पाच देशांचे झेंडे. आत थंडगार, भिंतीवर बर्फातल्या कॉलेजांचे फोटो, आणि खुर्च्यांवर पोरं अन् त्यांचे बाप. टेबलामागच्या मुलीनं सगळं ऐकलं आणि डोळे मोठे केले.

"मुलगी यूएस सिटिझन आहे? मॅडम, मग प्रॉब्लेम काय आहे?"

खुर्च्यांवरची सगळी डोकी आकांक्षाकडे वळली. मोर्शीकडून आलेला एक शेतकरी उठून जवळ आला. त्याचा पोरगा शिवम दोनदा विसा नाकारला गेल्यामुळं तिसऱ्यांदा आला होता. "ताई," तो हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "पासपोर्ट दाखवता का एकडाव? आमच्या पोराले पाहू द्या." पौर्णिमानं दिला. बापानं तो दोन्ही हातांवर घेतला, पोराला दाखवला, आणि पुसून परत दिला. मुदत संपल्याचं त्याला कळलं नाही. पौर्णिमानं सांगितलंही नाही.

"आम्ही फक्त बाहेर जाणाऱ्यांचं काम करतो मॅडम," टेबलामागची मुलगी म्हणाली. "आतल्यांचं नाही." आणि तिनं हातात एक रंगीत पुस्तिका दिली.

परत येताना आकांक्षा गाडीच्या खिडकीतून पाहत होती. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, त्या पोरानं माह्याकडं असं पाह्यलं, जसं मी त्याची जागा धरून बसली आहो."

पौर्णिमानं चपला काढल्या. तिचे पाय सुजले होते.

मग एक दिवस धर्मपालांनीच एक माणूस घरी आणला. नाव त्यानं सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. कचेऱ्यांच्या आसपास वावरणारा, खिशात दोन पेन, बोलणं मधाळ. चहा पिता पिता त्यानं उपाय सांगितला. "कशाले येवढं लचांड, काकाजी? एखाद्या खेड्याचा जन्मदाखला करून घेऊ. घरीच बाळंत झाली होती, नोंद राहून गेली होती, येवढंच म्हनाचं. दोन साक्षीदार पाहिजे फक्त."

"शाळेच्या दाखल्यावर ह्यूस्टन आहे ना," पौर्णिमा म्हणाली.

"ते बी बदलून घेऊ. मास्तरची चूक झाली म्हनू."

धर्मपालांनी लेकीकडे पाहिलं. आयुष्यभर खांबावर चढलेला माणूस, मंडळाच्या सामानातला तारेचा तुकडा कधी घरी आणला नव्हता. पण त्या दिवशी ते म्हणाले, "एक कागदच तं आहे पौर्णिमा. पोरीचं वर्ष जाईन."

खरं सांगायचं तर पौर्णिमानं नाही म्हटलं नाही. ती इतकी थकली होती की कोणी तरी हे ओझं उचलतो म्हणतोय, एवढंच तिला ऐकू आलं. ती म्हणाली, "पाहू." माणूस गेला. जाताना दारात चप्पल घालत त्यानं आकांक्षाला सांगितलं, "बेटा, आतापासून कोनी इचारलं तं अमेरिका म्हनू नको."

दार लागल्यावर आकांक्षा म्हणाली, "आबाजी, तुमीच तं सगळ्याईले सांगत होते."

धर्मपाल चहाचे कप गोळा करायला लागले.

"अन् डॉक्टर झाल्यावर कोनी हे उकरून काढलं मंग? तवा कोनाले सांगू, की आबाजी साक्षीदार होते?"

दुसऱ्या दिवशी पौर्णिमानं त्या माणसाचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नंतर तो थांबला.

वकील सापडला तो शेवटी लॅबमध्येच. ईश्वरीबाई म्हणून एक सिंधी म्हातारी दर महिन्याला शुगर तपासायला येई. नवरा वारल्यावर अमरावतीहून अकोल्याला, लेकाच्या कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर येऊन राहिलेली. त्या दिवशी ती बाकावर बसली असताना पौर्णिमा आत फोनवर कोणाला तरी तेच पुन्हा सांगत होती: विसा संपला, मुलगी इथंच वाढली, काय करायचं. बाहेर आल्यावर म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"बेटी, किसका वीजा?"

पौर्णिमानं सांगितलं. ईश्वरीबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "हम सिंध से आये थे. बीस बरस हर साल कागज लेके पुलिस में जाते थे, कि हम अभी जिंदा हैं, यहीं हैं. अमरावती की वकील बाई ने करवाया हमारा. मंजुषा बाई. उसको जाके मिल. डाँटेगी, मगर झूठ नहीं बोलेगी."

ॲडव्होकेट मंजुषा कडू यांचं ऑफिस अमरावतीच्या कोर्टाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. काच नव्हती की झेंडे नव्हते. एक टेबल, दोन बाकं, पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेले गोटे. बाई पन्नाशीच्या, आवाज बसका. त्यांनी आधी पाणी दिलं, मग पासपोर्ट मागितला, आणि विसाच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा संपला तवा ही बालवाडीतही गेली नसंल."

"नाही, मॅडम."

"अन् तुमी नवा का नाही काढला?"

"मले वाटलं, माही पोरगी आहे. माह्या पोरीले माह्याच घरात राह्याले कशाचा विसा?"

मंजुषाबाई रागावल्या नाहीत. "बरं. आता इचारा, काय इचाराचं ते. एकेक इचारा."

पौर्णिमाच्या डोक्यात महिन्याभरापासून साचलेले प्रश्न होते. पहिला तिनं हळूच विचारला, आकांक्षाला ऐकू जाऊ नये तसा. "हिले पकडतील का?"

"कायद्यात शिक्षा लिहिली आहे, खोटं नाही सांगत. पन आईच्या कडेवर आलेलं लेकरू अन् लपून राह्यलेला मानूस यात फरक करतात. कोनी शोधत आल्यावर सापडनं वेगळं अन् आपन होऊन जानं वेगळं. आपन होऊन जाऊ. दंड लागंल. आधीच कराले पाहिजे होतं, असं ऐकून घ्या लागंल."

"वापस पाठवतील?"

"त्याची भीती मले वाटत नाही. आई भारतीय आहे."

"आधार आहे ना हिचं. रेशन कार्डात नाव आहे."

"आधार म्हनजे इथं राह्यते येवढंच. नागरिक आहे असं त्याच्यानं होत नाही. सगळे इथंच फसतात."

"आई भारतीय, बाप भारतीय, मंग पोरगी भारतीय कशी नाही?"

बाईंनी चष्मा काढला. हा प्रश्न त्यांनी पुष्कळदा ऐकलेला दिसत होता. "असती. जन्मल्यावर एका वर्षात तिथल्या आपल्या वकिलातीत नोंद केली असती, अन् अमेरिकेचा पासपोर्ट काढला नसता, तं असती. तुमी पासपोर्ट काढला. तवा ती त्याईची झाली."

पौर्णिमाला आठवलं, पासपोर्टचा फोटो काढताना आकांक्षाचे डोळे उघडे राहावेत म्हणून नितेश फोटोवाल्याच्या मागं उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या दिवशी त्यांनी बाहेर जेवून साजरं केलं होतं.

मग मंजुषाबाईंनी रस्ता सांगितला. आधी मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीतून नवा पासपोर्ट; पोरगी सोळाच्या वर आहे म्हणून त्याला एका पालकाची सही चालेल. मग अकोल्यात पोलिसांच्या परदेशी नोंदणी कक्षात जाऊन उशिराचा दंड आणि राहण्याची परवानगी. ती मिळाली की ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक पण मूळ भारताचा, असा जन्मभराचा कागद. "त्याच्यावर ती इथं राहू शकते, शिकू शकते, नोकरी करू शकते. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. अन्..." त्या थांबल्या, आकांक्षाकडे वळल्या. "बेटा, तू कशाची तयारी करून राहिली?"

"नीटची."

"जातीचा दाखला नागरिकालेच देतात, तुले यंदा मिळनार नाही. सरकारी कॉलेजात आपल्या कोट्यातून जागा मिळनार नाही. तुले परदेशवाल्यांच्या कोट्यात धरतील. तिथली फी झेपन्यासारखी नाही." बाईंनी हे तिच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, आईकडे पाहून नाही.

आकांक्षा म्हणाली, "बरं."

"दुसरा रस्ता?" पौर्णिमानं विचारलं.

"भारताचं नागरिकत्वच मागाचं. त्याच्यासाठी अमेरिका सोडा लागंल. फाईल दिल्लीले जाते, कधी येते ते कोनी सांगत नाही. माह्या मतानं आता ओसीआय घ्या. पाच वर्षांनं तिले पाहिजे असंल तं ती स्वतः अर्ज करंल. सतरा वर्षांच्या पोरीनं काय सोडाचं अन् काय धराचं, हे आपन या टेबलावर कायले ठरवा?"

एकच अडचण राहिली. ओसीआयच्या अर्जाला आईबाप दोघांची संमती लागते, किंवा ताब्याचा कोर्टाचा हुकूम. हुकूम तर नव्हता. नव्यानं कोर्टात जायचं तर त्यात किती काळ जाईल, हे खुशालराव वकिलांनाही सांगता आलं नसतं.

"त्याईले फोन करा," मंजुषाबाई म्हणाल्या.

बडनेऱ्याच्या फलाटावर मायलेकी गाडीची वाट पाहत बसल्या. आकांक्षानं बॅगेतून क्लासचं जाडजूड पुस्तक काढलं, सवयीनं उघडलं, आणि थोड्या वेळानं मिटलं. पौर्णिमानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको."

"मी नाही रडून राहिली. मले झोप येऊन राहिली." आणि ती खरंच आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, गाडीची घोषणा होईपर्यंत.

नितेशचा नंबर पौर्णिमाकडे नव्हता. तो मोर्शीहून मिळवावा लागला, त्याच्या चुलतभावाकडून. सकाळी लॅबला जायच्या आधी, तिकडे संध्याकाळ असेल असा हिशोब करून तिनं लावला. आवाज ओळखायला दोघांनाही वेळ लागला.

तिनं कामाचंच सांगितलं. तो मध्ये बोलला नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, "तिले इकडंच पाठवून दे ना. इथली आहे ती. उद्या विमानातून उतरली तं तिले कोनी अडवनार नाही. इकडं शिकंल."

"तिले नाही याचं. मी इचारलं."

"लोकं मरतात याच्यासाठी, पौर्णिमा."

"माहीत आहे. अमरावतीले पाह्यले."

तो हसला, पण त्यात मजा नव्हती. "मी अजून लाइनीतच आहो, तुले सांगू का? ग्रीन कार्डाच्या. पोट्टे शाळेत जातात, ते इथले नागरिक. मी नाही. नोकरी सुटली का सामान बांधा लागते. दर वेळी विसा वाढवाचा तवा छातीत धडधड होते. अन् ती तिथं अमेरिकन होऊन बसली."

पौर्णिमानं पहिल्यांदाच त्याच्याबद्दल राग न येता विचार केला. तिकडे तो, इकडे ही. दोघंही ज्या घरात राहतात तिथले नाहीत. ती म्हणाली, "सही देता का?"

"देतो. नोटरी करून पाठवतो." मग थांबून म्हणाला, "तिच्याशी बोलता येईन का?"

आकांक्षा दारातच उभी होती. तिनं फोन घेतला. "हॅलो," मग बराच वेळ नुसतं "हो", "हो", "सायन्स", "नाही, मराठी बोलली तरी चालते." शेवटी म्हणाली, "तुमीही जेवा," आणि फोन आईकडे दिला. 

सही आली. त्यानंतरचं सगळं सावकाश झालं. मुंबईच्या वकिलातीत काचेपलीकडच्या गोऱ्या बाईनं आकांक्षाला विचारलं की अमेरिकेतलं काय आठवतं, आणि तिनं खरं ते सांगितलं, की काहीच नाही. अकोल्यात पोलिसांच्या कक्षातली हवालदारीण पहिल्यांदा गोंधळली. अमेरिकेची केस तिच्याकडे कधी आली नव्हती. "पाह्यतो बाई, साहेबाले इचारतो," म्हणून तिनं खुर्ची दिली, आणि मंजुषाबाईंना फोन लावून शिकून घेतलं. अर्ज दोनदा परत आला, एकदा फोटोच्या मागचा रंग चुकला म्हणून आणि एकदा पत्त्यात घराचा नंबर नव्हता म्हणून. पौर्णिमानं रजा संपवल्या, मग बिनपगारी घेतल्या. दर खेपेला घरून निघताना धर्मपाल दाराशी उभे राहत. "काय म्हनले?" हे विचारायला ते संध्याकाळी पुन्हा तिथंच असत. बऱ्याचदा उत्तर एकच: "सोमवारी या म्हनले."

मध्ये बारावीची परीक्षा झाली. नीटही तिनं दिली, परदेशी म्हणूनच, फॉर्मवर खरं ते लिहून. मार्क चांगले पडले. आपल्या कोट्यातून नंबर लागला असता असे. निकालाच्या दिवशी तिनं आईला फक्त मोबाईल दाखवला आणि भांडी घासायला गेली. पौर्णिमा मोरीच्या दारात जाऊन उभी राहिली. मग तिनं घासलेली भांडी पुसायला घेतली. दोघींनी मिळून सगळी भांडी संपवली.

त्या संध्याकाळी धर्मपाल जेवले नाहीत. "माह्या बापानं दुसऱ्याचे ढोरं राखले," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "मी जातीच्या दाखल्यावर नोकरीले लागलो. तू त्याच्यावर शिकली. अन् हिच्यापाशी येऊन तो कागद संपला."

"संपला नाही बाबा. पाच वर्षांनं अर्ज करता येते."

"पाच वर्षांनं मी कुठं राह्यतो?"

"आबाजी," आकांक्षा ताट घेऊन आली, "आता जेवा. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतो. अमरावतीले कॉलेज आहे. डॉक्टर नाही तं नाही. मम्मीसारखी लॅबवाली होईन, पन खुर्चीवरची."

म्हातारा हसला नाही, पण त्यानं भाकर मोडली.

ओसीआयचं कार्ड कॉलेज सुरू झाल्यावर आलं. अमरावतीच्या कॉलेजनं तोवर परवानगीच्या कागदावर प्रवेश दिला होता. आकांक्षा होस्टेलला राहत होती, शनिवारी घरी येत होती. धर्मपालांनी कार्ड उजेडात धरून वाचलं, मागं-पुढं केलं. "फोटो चांगला आला," एवढंच म्हणाले. पौर्णिमानं मंजुषाबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पासपोर्टची मुदत आता लिहून ठेवा कुठं तरी," आणि मागं दुसऱ्या कोणाचा तरी आवाज आला म्हणून फोन ठेवला.

पौर्णिमाला वाटलं होतं की हे संपलं की आपण दोन दिवस नुसतं झोपू. तसं काही झालं नाही. गल्लीत बातमी पसरली की तेलगोटेबाईची इमिग्रेशनच्या वकिलिणीशी ओळख आहे. लोक लॅबमध्ये यायला लागले. शेजारच्या किशोरला कॅनडाला जायचं होतं. एकीच्या बहिणीचा नवरा आखातात अडकला होता. एका बाईची सून लंडनला बाळंत होणार होती आणि तिला कौतुकानं विचारायचं होतं, की बाळाचा तिकडचा पासपोर्ट लगेच निघतो ना?

"निघते," पौर्णिमा म्हणाली. दुपार झाली होती, तिनं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. "पन सुनेले वकिलातीत इचाराले सांगा आधी. एका वर्षाच्या आत. लेकरू कोन्त्या देशाचं ठेवाचं, ते दोघाईनं बसून ठरवा म्हनाव. मंग पासपोर्ट."

बाईला ते पुरतं कळलं नाही. "काहून? वांधा काय आहे?"

पौर्णिमानं एका चिठ्ठीवर मंजुषाबाईंचा नंबर लिहून दिला. "याईले इचारा. त्या रागावतात, पन नीट सांगतात." आणि बाकावर खोळंबलेल्या पुढच्या पेशंटला तिनं आत बोलावलं.